अलीगढ मुस्लिम विद्यापीठ : उगम, वाढ आणि मालकीचा वाद

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जन्माच्या तीन तारखा सांगता येतात. २४ मे १८७५ रोजी अलीगढला एक शाळा उघडली. ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्याच जागी महाविद्यालयाची कोनशिला बसवली. १ डिसेंबर १९२० रोजी केंद्रीय विधिमंडळाने केलेला कायदा अमलात आला आणि महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. पहिल्या दोन तारखा धरल्या तर संस्था मुसलमानांनी स्थापन केली असे ठरते. तिसरी धरली तर सरकारने. या निवडीवरून स्वतंत्र भारतात अर्धशतकाहून अधिक काळ खटले चालले आहेत. वादाचे मूळ मात्र स्वातंत्र्यानंतरचे नाही. समाजाने वर्गणी काढून संस्था उभी करायची आणि पदवीचा अधिकार सरकारकडून मागून घ्यायचा, या व्यवहारातच ते होते.

संस्थेचे प्रवर्तक सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) दिल्लीच्या मोगल दरबाराशी संबंध असलेल्या घराण्यातले. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायखात्यात त्यांनी नोकरी धरली. दिल्लीच्या इमारतींवर ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ त्यांनी १८४७ मध्येच लिहिला होता. १८५७ च्या उठावात ते बिजनौरला होते. तिथल्या इंग्रज कुटुंबांना त्यांनी वाचवले आणि नंतर उठावाची कारणे सांगताना सरकारच्या चुकाही बोलून दाखवल्या. दिल्लीचा विध्वंस त्यांच्या घरापर्यंत पोहोचला होता. राज्य गेले, ते परत येणार नाही, तेव्हा नव्या राज्यकर्त्यांची विद्या आत्मसात केल्याशिवाय उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान सरदार-जहागीरदारांना भवितव्य नाही, असे त्यांचे मत बनले.

सुरुवातीला ही विद्या उर्दूतून द्यावी असा त्यांचा विचार होता. १८६४ मध्ये गाझीपूरला त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली. बदलीबरोबर ती अलीगढला आली. इंग्रजी ग्रंथांचे उर्दू भाषांतर करणे हे तिचे काम, आणि राजा जयकिशन दास तिच्या प्रमुख आधारस्तंभांपैकी एक. १८६७ मध्ये तर देशी भाषेतून शिकवणारे विद्यापीठ काढावे असा अर्ज सरकारकडे गेला. १८६९–७० मधील इंग्लंडच्या प्रवासाने हा विचार बदलला. मुलगा सय्यद महमूद केंब्रिजला शिकत होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज पाहून सय्यद अहमद यांच्या मनावर ठसले ते तिथले अभ्यासक्रम नव्हेत, तर राहणी: शिक्षक आणि विद्यार्थी एका आवारात राहतात, एकत्र जेवतात, खेळतात, प्रार्थना करतात आणि त्यातून एक शासक वर्ग तयार होतो. परतल्यावर डिसेंबर १८७० मध्ये त्यांनी ‘तहजीब-उल-अखलाक’ हे नियतकालिक सुरू केले आणि महाविद्यालयासाठी समिती नेमली.

१८७३ मध्ये सय्यद महमूद यांनी या समितीपुढे योजना मांडली, तिची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याला नुसते महाविद्यालय नको, विद्यापीठ हवे, आणि ते सरकारी नियंत्रणापासून मुक्त हवे, असा तिचा आशय होता. प्रत्यक्षात हे शक्यच नव्हते. पदवी देण्याचा अधिकार तेव्हा कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीनच विद्यापीठांना होता आणि सरकारी नोकरीची वाट त्या पदवीतून जात होती. त्यामुळे १८७५ ची शाळा वाढून मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल महाविद्यालय झाले तेव्हा ते आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाला जोडले गेले. अभ्यासक्रम आणि परीक्षा बाहेरच्या. संस्थेच्या हातात उरले ते वसतिगृह, मशीद, वादसभा आणि क्रिकेटचे मैदान. अलीगढचे वेगळेपण घडले ते इथेच, वर्गाबाहेर.

पैसा उभा करणे हे मोठे काम होते आणि सय्यद अहमद यांनी त्यासाठी लाज गुंडाळून ठेवली होती असे म्हटले तरी चालेल. त्यांनी लॉटरी काढली, रंगमंचावर उभे राहून निधी मागितला, मेजवान्यांचे पैसे मागून घेतले. इमारतींच्या दगडांवर देणगीदारांची नावे कोरली जात. किती रक्कम दिली त्यावरून नाव कुंपणाच्या भिंतीवर, खोलीवर की सभागृहात लागणार हे ठरे. जागा मिळाली ती जुन्या लष्करी छावणीची. हैदराबादचे सालारजंग, पतियाळाचे महाराज, बनारसचे महाराज, इंग्रज अधिकारी अशी देणगीदारांची यादी पाहिली तर ‘मुसलमानांच्या पैशाने’ हे वर्णन थोडे सैल वाटते. पुढाकार आणि मोठा वाटा मुसलमानांचा होता, हे मात्र निर्विवाद. १८९५ मध्ये कार्यालयातील मुख्य कारकुनाने लाखाहून अधिक रुपयांचा अपहार केल्याचे उघड झाले. त्या धक्क्यातून संस्था सावरते न सावरते तोच १८९८ मध्ये सय्यद अहमद वारले.

या संस्थेत धर्म कुठे होता, हे नीट पाहायला हवे, कारण नावावरून चुकीची कल्पना होते. १८६६ मध्ये देवबंदला दारुल उलूम स्थापन झाले होते. त्याचे एक संस्थापक मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी आणि सय्यद अहमद हे दोघेही दिल्लीच्या मौलाना ममलूक अली यांचे विद्यार्थी मानले जातात. देवबंदने सरकारी मदत नाकारली, शास्त्री घडवले, लोकांच्या छोट्या वर्गण्यांवर संस्था चालवली. अलीगढने सरकारचे अनुदान घेतले, पदवीधर घडवले, इंग्रज प्राचार्य नेमले. कुराणाचा अर्थ निसर्गनियमांशी जुळवून लावणारे सय्यद अहमद यांचे लेखन उलेमांना असह्य होते. त्यांच्याविरुद्ध मक्केहूनही फतवा आणवला गेला. म्हणून त्यांनी एक शहाणपणाची तडजोड केली: आपली मते महाविद्यालयात शिकवायची नाहीत. धर्मशिक्षण परंपरानिष्ठ विद्वानांकडे सोपवले, सुन्नी आणि शिया विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळे. सुन्नी आणि शिया मुले एका आवारात राहून एका संघातून खेळतात, हे त्या काळात कमी महत्त्वाचे नव्हते.

हिंदू विद्यार्थी पहिल्यापासून होते आणि संस्कृतची सोय होती. १८८१ मध्ये बी. ए. झालेले पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे हिंदूच. उर्दू-फारसी-अरबीचा प्राच्य विभाग मात्र विद्यार्थ्यांअभावी १८८५ च्या सुमारास बंद पडला. मुसलमान पालकांनाही मुलाला पाठवायचे होते ते इंग्रजीसाठी. धर्म अलीगढच्या अभ्यासक्रमात कमी आणि समाजजीवनात जास्त होता. हीच गोष्ट चाळीसेक वर्षांनी निघालेल्या बनारस हिंदू विद्यापीठालाही बऱ्याच अंशी लागू पडते.

शिक्षकवर्ग अपवादात्मक होता. थिओडोर बेक १८८३ मध्ये विशीतच प्राचार्य झाले. फारसी-अरबीसाठी शिबली नोमानी आले. तत्त्वज्ञान शिकवायला आलेले टॉमस आर्नल्ड इस्लामच्या प्रसारावरील आपला ग्रंथ इथे असतानाच लिहून गेले. बेक यांच्या काळात संस्थेला राजकीय वळण लागले. काँग्रेसच्या मागण्या, म्हणजे निवडणुका आणि स्पर्धापरीक्षा, अल्पसंख्य आणि शिक्षणात मागे असलेल्या समाजाला घातक आहेत असे सय्यद अहमद यांनी १८८७–८८ मध्ये लखनौ आणि मेरठच्या भाषणांत सांगितले. मुंबईचे बद्रुद्दीन तैयबजी त्याच वेळी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. दोघांमधील पत्रव्यवहारात दोन मुसलमान समाज दिसतात: एक मुंबईचा, व्यापारी, बहुभाषी नगरपालिकेत मुरलेला, दुसरा दोआबाचा, जमीन आणि नोकरी यांवर जगणारा. नोकऱ्यांतील मुसलमानांचे प्रमाण उत्तर हिंदुस्थानात तितके वाईट नव्हते. ब्रिटिश अधिकारी हंटर यांच्या हिंदी मुसलमानांवरील १८७१ च्या पुस्तकाने रंगवलेली दैना प्रामुख्याने बंगालची होती. अलीगढमागे दैन्यापेक्षा हातचे निसटण्याची भीती जास्त होती. म्हणूनच कारागीर आणि विणकर मुसलमानांना तिथे जागा नव्हती, आणि मुलींच्या शिक्षणाला सय्यद अहमद यांनी ‘आधी पुरुष’ असे म्हणून मागे ठेवले.

ही दुसरी उणीव त्यांच्याच अनुयायांनी भरून काढली. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांनी १९०६ मध्ये अलीगढला मुलींची शाळा काढली. १९१४ मध्ये तिला वसतिगृह जोडले गेले. भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांचा तिला आधार होता. आज विद्यापीठाचा भाग असलेले महिला महाविद्यालय या शाळेतून वाढले.

राजनिष्ठेचे शिक्षण सर्वांना पचले असेही नाही. १९०३ मध्ये पदवी घेतलेले हसरत मोहानी टिळकांचे अनुयायी झाले, सुरतेच्या काँग्रेस फुटीनंतर जहालांबरोबर गेले आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ या आपल्या मासिकातील लेखाबद्दल १९०८ मध्ये तुरुंगात पोहोचले. १९०७ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीवरून विद्यार्थ्यांनी संप केला. त्यामागे इंग्रज प्राचार्य आणि हिंदी विश्वस्त यांच्यातील सत्तास्पर्धा होती. दुसरीकडे, १९०६ मध्ये व्हाइसरॉयकडे गेलेल्या सिमला शिष्टमंडळाची जुळवाजुळव अलीगढचे सचिव मोहसिन-उल-मुल्क यांनी केली आणि वर्षाअखेरीस ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली ती अलीगढच्याच शैक्षणिक परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींत.

विद्यापीठाची मागणी सय्यद अहमद यांच्या मृत्यूनंतर स्मारकनिधीच्या रूपाने पुढे आली, पण तिला खरी गती १९१०–११ मध्ये मिळाली. आगाखान यांनी देशभर फिरून निधी जमवला. सरकारने सुमारे ३० लाख रुपयांची अट घातली होती. रक्कम गोळा झाली आणि मग वाटाघाटी अडल्या. मुसलमान पुढाऱ्यांना देशभरच्या मुस्लिम महाविद्यालयांना संलग्न करून घेण्याचा अधिकार हवा होता, आणि अंतिम सत्ता समाजाच्या सभेकडे हवी होती. सरकारने १९१२ मध्ये दोन्ही नाकारले. विद्यापीठ एका गावापुरते, निवासी राहील आणि देखरेखीचा अधिकार सरकारकडे राहील, असा निर्णय झाला. अशाच अटी हिंदू विद्यापीठासाठीही होत्या. मदनमोहन मालवीय आणि दरभंग्याचे महाराज यांनी त्या लवकर स्वीकारल्या, १९१५ मध्ये कायदा करवून घेतला आणि बनारसची पायाभरणी १९१६ च्या फेब्रुवारीत झाली. मुसलमान पुढाऱ्यांमधील जुनी आणि तरुण पिढी मात्र या अटींवर दुभंगली. बाल्कन युद्धे, महायुद्ध आणि खिलाफतीचा प्रश्न यांनी वाद आणखी चिघळला. अखेर १९२० मध्ये जवळपास सरकारच्याच अटींवर कायदा झाला.

त्या कायद्याने संस्थेचे तीन थर केले. ‘कोर्ट’ नावाची सर्वोच्च सभा, आणि तिचे सदस्य फक्त मुसलमान. तिच्याखाली कार्यकारी आणि विद्याविषयक मंडळे. वर गव्हर्नर-जनरल ‘लॉर्ड रेक्टर’ म्हणून, आणि हस्तक्षेपाचे अधिकार असलेले निरीक्षक मंडळ. सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश होता; मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशिक्षण सक्तीचे करण्याची मुभा होती. महाविद्यालयाची सर्व मालमत्ता नव्या विद्यापीठाकडे गेली. कुलपतिपद भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमांना मिळाले आणि महमूदाबादचे राजे पहिले कुलगुरू झाले. स्त्रीने कुलपती व्हावे ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट, आणि ती घडली पडद्याच्या रिवाजात वाढलेल्या समाजाच्या विद्यापीठात.

उद्घाटनाच्या दोन महिने आधी याच आवारात एक बंड झाले होते. ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी अनुदान आणि सनद नाकारा, असा त्यांचा आग्रह होता. विश्वस्तांनी तो मानला नाही. काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले. २९ ऑक्टोबरला महाविद्यालयाच्या मशिदीत देवबंदचे मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिलिया इस्लामियाची स्थापना झाली. जामिया १९२५ मध्ये दिल्लीला गेले आणि अनेक वर्षे जवळजवळ उपाशी राहून चालले. सनद नाकारण्याची किंमत किती असते हे त्या संस्थेने दाखवले. सनद घेण्याची किंमत अलीगढला पुढे कळली.

१९२० ते १९४७ हा काळ अलीगढच्या विद्येचा आणि राजकारणाचा एकाच वेळी भरतीचा काळ. सय्यद अहमद यांचे नातू रॉस मसूद १९२९ मध्ये कुलगुरू झाले. गणित विभागासाठी त्यांनी फ्रान्सहून विशीतल्या आंद्रे वेल यांना बोलावले, जे पुढे विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत गणले गेले. वेल यांनी विजयराघवन आणि गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांना विभागात आणले. हा विभाग दोन-तीन वर्षांत विखुरला, आणि कोसंबी अलीगढहून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्याच दशकात तिथल्या वसतिगृहांत डाव्या विचारांचे लेखक घडत होते. विद्यापीठाचे गीत ज्यांच्या कवितेतून आले ते मजाज तिथलेच. अली सरदार जाफरी यांना राजकारणामुळे विद्यापीठ सोडावे लागले. इस्मत चुगताई आणि ख्वाजा अहमद अब्बास या मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गाजलेल्या नावांचा मागही अलीगढपर्यंत जातो.

पण चाळीसच्या दशकात डावे मागे पडले. जिनांनी अलीगढला मुस्लिम हिंदुस्थानचे शस्त्रागार म्हटले, आणि १९४५–४६ च्या निवडणुकीत विद्यार्थी सुट्ट्या टाकून लीगच्या प्रचाराला पंजाब आणि सिंधपर्यंत गेले. पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान लियाकत अली खान अलीगढचे पदवीधर होते. फाळणीनंतर या भूमिकेची फेड संस्थेला करावी लागली: शिक्षक आणि विद्यार्थी निघून गेले, उरलेल्यांवर संशय राहिला. या अवघड वेळी, १९४८ मध्ये, झाकिर हुसेन कुलगुरू होऊन आले. १९२० मध्ये अलीगढ सोडून जामियात गेलेल्यांपैकी ते एक. नेहरू आणि मौलाना आझाद यांचा पाठिंबा त्यांच्यामागे होता. अलीगढ जगले त्यात त्यांच्या आठ वर्षांच्या कारभाराचा वाटा सर्वांत मोठा आहे.

त्यानंतरची वाढ केंद्राच्या पैशावर झाली. १९२७ चे युनानी तिब्बिया महाविद्यालय आणि १९३५ चे अभियांत्रिकी महाविद्यालय आधीच होते. १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले. मौलाना आझादांचे नाव असलेले ग्रंथालय १९६० मध्ये खुले झाले. इतिहास विभागात मोहम्मद हबीब, नूरुल हसन आणि इरफान हबीब यांनी मोगल काळाच्या शेती, महसूल आणि राज्ययंत्रणेचा अभ्यास असा रुजवला की ‘अलीगढचा इतिहास’ ही एक ओळख बनली. धर्माच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठातून मध्ययुगाचा सर्वांत धर्मनिरपेक्ष, आर्थिक अंगाने केलेला इतिहास यावा, यात विसंगती वाटत असेल तर ती पाहणाऱ्याच्या अपेक्षेत आहे. अलीकडे मलप्पुरम, मुर्शिदाबाद आणि किशनगंज येथे विद्यापीठाची केंद्रे निघाली. १९१२ मध्ये नाकारलेली गावाबाहेर जाण्याची मुभा शंभर वर्षांनी अशी मर्यादित रूपात मिळाली.

कायदा मात्र शांत राहिला नाही. राज्यघटना आल्यावर १९५१ च्या दुरुस्तीने कोर्टाचे फक्त-मुस्लिम स्वरूप गेले आणि धर्मशिक्षणाची सक्ती गेली. १९६५ मध्ये कुलगुरू अली यावर जंग यांनी बाहेरून येणाऱ्यांच्या तुलनेत विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांचा प्रवेशातील वाटा कमी केला. चिडलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. ते गंभीर जखमी झाले. (हेच जंग पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.) शिक्षणमंत्री मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला होते. सरकारने वटहुकूम आणि मग कायदा करून कोर्टाला केवळ सल्लागार मंडळ बनवले. छागला यांच्या दृष्टीने हे केंद्रीय विद्यापीठ होते आणि ते कोणा एका समाजाचे नव्हते. उत्तर भारतातील मुसलमान पुढाऱ्यांना तो घाव वाटला.

त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा अझीझ बाशा निकाल आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकत्र जातो, आणि हे विद्यापीठ कायद्याने स्थापले, मुसलमानांनी नव्हे. त्यांनी १९२० मध्ये स्वेच्छेने सत्ता सरकारकडे दिली होती. या तर्काचा रोखठोकपणा मान्य करूनही एक अडचण उरते: १९२० मध्ये कायद्याशिवाय मान्य पदवी देणारे विद्यापीठ काढण्याचा मार्गच नव्हता, तेव्हा ‘स्वेच्छा’ हा शब्द फार काही सांगत नाही.

१९७२ मध्ये नूरुल हसन शिक्षणमंत्री असताना सरकारी नियंत्रण आणखी घट्ट झाले. १९८१ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने उलट दिशेने दुरुस्ती केली: विद्यापीठ म्हणजे भारतातील मुसलमानांनी स्थापन केलेली, आधी मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल महाविद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था, अशी व्याख्या कायद्यात आली. मुसलमानांची शैक्षणिक व सांस्कृतिक प्रगती हे विशेष उद्दिष्ट म्हणून जोडले गेले. त्या आधारावर २००५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागांपैकी निम्म्या मुसलमानांसाठी राखीव ठेवण्याचा निर्णय झाला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जानेवारी २००६ मध्ये खंडपीठानेही तेच म्हटले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत केंद्र सरकारही होते, पण २०१६ मध्ये त्याने आपले अपील मागे घेतले. २०१९ मध्ये प्रश्न सात न्यायाधीशांकडे सोपवला गेला.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने अझीझ बाशा निकालाचा तर्क मोडीत काढला. केवळ कायद्याने दर्जा मिळाला म्हणून संस्थेचे मूळ पुसले जात नाही. कल्पना कोणाची, हेतू कोणासाठी, पैसा आणि जमीन कोणी मिळवली, इमारती कशा उभ्या राहिल्या, कारभाराची रचना त्या मुळाशी विसंगत आहे का, हे पाहून स्थापना ठरवावी, असे बहुमताने म्हटले. अलीगढला ही कसोटी लावण्याचे काम नियमित पीठाकडे दिले.

कल्पना आणि हेतू यांची उत्तरे १८७० ते १८७७ च्या कागदपत्रांत स्पष्ट आहेत. निधीचे उत्तर मिश्र, पण झुकते माप कुठे आहे ते दिसते. जमीन सरकारी छावणीची होती आणि तिचे काय मानायचे हा प्रश्न आहे. कारभाराबाबत १९२० चा कायदा दोन्ही बाजूंना पुरावा पुरवतो: फक्त-मुस्लिम कोर्टही त्यात आहे आणि लॉर्ड रेक्टरही. निकालाचा व्यवहारात परिणाम होईल तो प्रवेशावर. अनुच्छेद १५(५) अल्पसंख्याक संस्थांना अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांच्या राखीव जागांतून वगळतो. अलीगढमध्ये आज या राखीव जागा नाहीत. आतले आणि बाहेरचे विद्यार्थी अशी विभागणी आहे, आणि ती धर्मावर आधारलेली नाही. अल्पसंख्याक दर्जा नाकारला गेला तर पूर्णपणे केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या या विद्यापीठाला राखीव जागा ठेवाव्या लागतील. तो मान्य झाला तर समाजासाठी जागा राखण्याची वाट खुली होईल, आणि मग पसमांदा म्हणवणाऱ्या मागास मुसलमान जातींना त्यातले काय मिळणार, हा अश्रफांनी, म्हणजे उच्चकुलीन मुसलमानांनी, उभ्या केलेल्या या संस्थेपुढचा जुनाच प्रश्न नव्याने विचारला जाईल.